नेफ्रोसेक: ल्यूपसमध्ये मूत्रपिंडाला पडणाऱ्या वणांचा जनुकीय शोध घेण्याचे साधन

ल्यूपस या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते. अशा रुग्णाच्या मूत्रपिंडाची बायॉप्सी, म्हणजे सुईने काढलेला ऊतीचा तुकडा, वाचून झाल्यावर पॅथॉलॉजिस्ट अहवालात दोन आकडे लिहितात. पहिला आकडा ० ते २४ या पट्टीवर असतो आणि दाह आज किती तीव्र आहे हे सांगतो. दुसरा ० ते १२ या पट्टीवर असतो आणि भरून न येणारे नुकसान किती झाले आहे हे सांगतो. या दुसऱ्या आकड्यासाठी चार गोष्टी पाहतात: कडक होऊन बंद पडलेल्या गाळण्या, त्यांच्याभोवतीचे तंतुमय चंद्रकोर, आक्रसलेल्या मूत्रनलिका आणि नलिकांमधल्या जागेत साचलेली तंतुमय ऊती; प्रत्येकीला ० ते ३ गुण मिळतात. औषधांनी पहिला आकडा खाली येतो, दुसरा सहसा येत नाही, आणि मूत्रपिंड पुढे किती वर्षे साथ देणार हे बऱ्याच अंशी या दुसऱ्या आकड्यावर अवलंबून असते. म्हणून वण पडत असताना ऊतीत नेमके काय चालते, कोणत्या जनुकांचे काम वाढते आणि कोणत्यांचे थंडावते, हा प्रश्न ल्यूपसवर काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतोच. त्याचे उत्तर संगणकाची भाषा न शिकता, घरबसल्या शोधायचे असेल तर नेफ्रोसेक हे संकेतस्थळ आज हाताशी आहे, आणि हे परीक्षण त्याचेच आहे.

नेफ्रोसेक अमेरिकेतील अ‍ॅन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठाने चालवले आहे. त्याचे आधीचे नाव नेफ्रोमाइन होते आणि त्याचा सांगाडा कर्करोगाच्या जनुकीय माहितीसाठी तयार झालेल्या ऑन्कोमाइन या साधनावरून घेतलेला आहे. शैक्षणिक आणि ना-नफा संस्थांतील व्यक्तींना नोंदणी केल्यावर ते विनामूल्य वापरता येते. नोंदणीसाठी संस्थेचा ईमेल पत्ता जवळ असलेला बरा. मूत्रपिंडाच्या निरनिराळ्या आजारांवरील प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतील जनुक-अभिव्यक्तीची, म्हणजे कोणते जनुक किती काम करत आहे याची, माहिती आणि तिच्यासोबत त्या रुग्णांची वैद्यकीय माहिती, म्हणजे वय, क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावले की रक्तात साचणारा टाकाऊ पदार्थ), लघवीतून जाणारी प्रथिने आणि जीएफआर, येथे एकत्र ठेवली आहे. जीएफआर म्हणजे मूत्रपिंड दर मिनिटाला किती रक्तद्रव गाळते त्याचा अंदाज. जनुकाचे नाव टाकावे, आजार निवडावा आणि त्या जनुकाची अभिव्यक्ती निरोगी मूत्रपिंडापेक्षा कमी की जास्त, तसेच ती जीएफआरबरोबर कशी बदलते, हे आलेखात पाहावे, अशी त्याची साधी रीत आहे.

ल्यूपससाठी यातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे बर्थिए आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचे दोन माहितीसंच. यात ल्यूपस नेफ्रायटिस, म्हणजे ल्यूपसमुळे मूत्रपिंडाचा दाह, असलेल्या ३२ रुग्णांच्या बायॉप्सी आहेत आणि तुलनेसाठी जिवंत मूत्रपिंडदात्यांच्या ऊती आहेत: गाळण्यांच्या संचात १४ आणि नलिकांच्या संचात १५ नमुने. एकाच आजाराचे दोन संच का, हे समजून घेतल्याशिवाय या साधनाची खरी किंमत कळत नाही. युरोपातील रीनल सीडीएनए बँकेच्या पद्धतीनुसार बायॉप्सीची जेमतेम एक मिलिमीटर जाडीची पट्टी आरएनए (काम करणाऱ्या जनुकाची पेशीत तयार होणारी प्रत) टिकवणाऱ्या द्रावणात ठेवतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली, थंडाव्यात, बारीक चिमट्यांनी त्यातल्या गाळण्या एकेक करून हाताने सोडवून बाजूला काढतात. उरतो तो नलिका आणि त्यांच्यामधल्या जागेचा भाग. दोन्हींतला आरएनए स्वतंत्रपणे मोजला जातो. ल्यूपसचा मारा बहुधा गाळण्यांवर सुरू होतो, पण मूत्रपिंडाचे कार्य किती उरले आहे याचा माग नलिकांमधल्या जागेतल्या वणांवरून अधिक चांगला लागतो, हे पॅथॉलॉजीत पूर्वीपासून माहीत आहे. दोन्ही भाग एकत्र दळून मोजले असते तर हा फरकच पुसला गेला असता. नेफ्रोसेकमध्ये तेच जनुक आधी गाळण्यांच्या संचात आणि मग नलिकांच्या संचात पाहता येते, आणि कित्येकदा दोन्हीकडचे चित्र इतके वेगळे निघते की आपण एकाच आजाराबद्दल वाचत आहोत यावर विश्वास बसू नये.

या अभ्यासाची आणखी एक बाजू लक्षात ठेवण्याजोगी आहे. लेखकांनी माणसांच्या ऊतींची तुलना ल्यूपससारखा आजार होणाऱ्या उंदरांच्या तीन जातींशी केली आणि दोन्हींकडे सामाईक असलेली जनुकांची जाळी शोधली. त्यात मॅक्रोफेज आणि डेंड्रिटिक या रोगप्रतिकारक पेशींची सक्रियता, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराची इजा आणि ऊतीची फेररचना व फायब्रोसिस (तंतू साचून वण पडणे) हे धागे ठळकपणे पुढे आले. उंदरांवर एखादे औषध तपासणाऱ्या संशोधकाने, आपण ज्या जनुकावर भिस्त ठेवून आहोत ते माणसाच्या मूत्रपिंडातही तसेच वागते का, हे पाहण्यासाठी येथे काही मिनिटे घालवली तर पुढचा बराच खर्च वाचू शकेल.

या साधनाची ताकद कळण्यासाठी ईजीएफ हे जनुक शोधून पाहावे, असे मी प्रत्येक नव्या वापरकर्त्याला सुचवेन. ईजीएफ हे पेशींच्या वाढीला आणि दुरुस्तीला चालना देणारे प्रथिन मूत्रनलिकेच्या ठरावीक भागात, हेनलेच्या वळणाच्या जाड चढत्या भागात आणि त्यापुढच्या नलिकेत तयार होते. निरनिराळ्या दीर्घकालीन मूत्रपिंडविकारांच्या, ज्यात ल्यूपसही होता, नलिकाभागाचा मोठा माहितीसंच येथे जू या नावाने आहे. त्यात आडव्या अक्षावर जीएफआर आणि उभ्या अक्षावर ईजीएफची अभिव्यक्ती मांडली की बिंदू डावीकडून उजवीकडे चढत जातात: ज्याचे मूत्रपिंड जितके अकार्यक्षम, त्याच्या नलिकांत ईजीएफ तितके कमी. हे निरीक्षण आलेखावरच थांबले नाही. जू आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवून दिले की ऊतीतल्या या घसरणीचे प्रतिबिंब लघवीतल्या ईजीएफ प्रथिनात पडते, आणि अमेरिका व चीनमधील रुग्णसमूहांत नेहमीच्या चाचण्यांना लघवीतल्या ईजीएफची जोड दिल्यावर पुढे मूत्रपिंड निकामी होण्याचा किंवा जीएफआर ४० टक्क्यांनी घटण्याचा अंदाज अधिक चांगला बांधता आला. बायॉप्सीच्या सुईने मिळालेल्या ऊतीपासून लघवीच्या बाटलीपर्यंतचा हा प्रवास ज्या प्रकारच्या माहितीमुळे शक्य झाला, तीच माहिती या संकेतस्थळावर नोंदणी केलेल्या कोणत्याही संशोधकाला उघडून पाहता येते, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

वण म्हटला की त्यातले तंतू ज्याचे बनतात ते कोलॅजेन हे प्रथिन आठवते, आणि बहुतेक जण शोधाच्या चौकटीत पहिल्यांदा कोलॅजेनची, फायब्रोनेक्टिनची किंवा एमएमपी-७ ची जनुकेच टाकतात. त्यात गैर काही नाही. मात्र फायब्रोसिसचा माग घेताना वाढणाऱ्या जनुकांइतकेच घटणाऱ्या जनुकांकडे पाहिले पाहिजे, आणि हे साधन दोन्ही याद्या सारख्याच सहजतेने समोर ठेवते. नलिकांच्या पेशी आपली बहुतांश ऊर्जा मेदाम्ले जाळून मिळवतात. फायब्रोसिस झालेल्या मूत्रपिंडांत हे काम करणाऱ्या जनुकांची अभिव्यक्ती खाली जाते आणि ती वाढवल्यास प्राण्यांमध्ये वणांचे प्रमाण घटते, हे २०१५ सालच्याच दुसऱ्या एका संशोधनाने पुढे आणले. ल्यूपसच्या नलिकासंचात चयापचयाची जनुके चाळत बसले की हा धागा हाती लागतो. तेथेच एक शंकाही मनात यायला हवी. ऊतीच्या एकत्रित मोजणीत एखाद्या जनुकाची अभिव्यक्ती घटलेली दिसते तेव्हा पेशी जिवंत असून ते जनुक कमी वापरत आहेत, की ते जनुक वापरणाऱ्या पेशीच मरून तेथे तंतू आले आहेत, हे या आलेखावरून सांगता येत नाही. कोलॅजेनबाबतही तेच: प्रत्येक पेशी अधिक कोलॅजेन बनवत आहे की कोलॅजेन बनवणाऱ्या पेशींची संख्या वाढली आहे, याचा निवाडा येथे होत नाही.

ल्यूपसमधील वणांविषयी वाचकांनी सर्वांत जास्त वेळ द्यावा असा जो वाद आहे, तोही नेफ्रोसेकवर काम करता करता अभ्यासता येतो. पीटरसन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली लेझरने कापून वेगळ्या केलेल्या गाळण्यांचा अभ्यास केला. त्याचा संच येथे उपलब्ध आहे. त्यांना रुग्णांचा एक गट असा आढळला की ज्यांच्या गाळण्यांत फायब्रोसिसची जनुके वाढलेली होती आणि सूक्ष्मदर्शकाखालीही गाळण्या कडक झालेल्या दिसत होत्या. दुसरीकडे, इंटरफेरॉनमुळे (रोगप्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या प्रथिनामुळे) चालू होणारी जनुके जिथे जास्त होती, तिथे फायब्रोसिसच्या खुणा कमी आणि सूक्ष्मदर्शकाखाली आजाराचे स्वरूप सौम्य होते. आणखी विशेष म्हणजे, वण पाडणारे प्रथिन म्हणून ज्याचे नाव सर्वत्र घेतले जाते त्या टीजीएफ-बीटा-१ चे जनुक त्यांना वाढलेले नव्हे तर घटलेले दिसले. यानंतर २०१९ साली डेर आणि सहकाऱ्यांनी एकेका नलिकापेशीचा आरएनए स्वतंत्रपणे वाचला, तेव्हा इंटरफेरॉनची आणि फायब्रोसिसची अशा दोन्ही खुणा उपचारांना प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांच्या नलिकांत वाढलेल्या सापडल्या.

म्हणजे एका अभ्यासात इंटरफेरॉनची खूण सौम्य आजाराबरोबर आली, दुसऱ्यात उपचारांना प्रतिसाद न मिळण्याबरोबर. घाईत वाचणारा यातला एक अभ्यास चुकीचा ठरवून मोकळा होईल. मला मात्र दोन्ही निष्कर्ष एकत्र नांदू शकतात असे वाटते, कारण एकाने गाळण्या पाहिल्या आणि दुसऱ्याने नलिका. शिवाय ज्या गाळणीत वण पडून पेशीच उरलेल्या नाहीत तिथे इंटरफेरॉनला उत्तर देणार तरी कोण? टीजीएफ-बीटाबद्दलही इतकी सावधगिरी हवीच की हे प्रथिन निष्क्रिय रूपात साठून राहते आणि नंतर मोकळे होऊन कामाला लागते, त्यामुळे त्याच्या आरएनएवरून त्याचे काम किती चालले आहे हे ठरवणे धाडसाचे आहे. हे सगळे विचार गाळणी आणि नलिका यांचे संच वेगळे ठेवलेले असल्यामुळेच सुचतात, आणि यासाठी मी या साधनाला पूर्ण गुण देईन.

आता उणिवांकडे वळतो, आणि त्यातली एक उणीव इतकी मूलभूत आहे की ती ध्यानात न घेता हे साधन वापरणे धोक्याचे आहे. येथे दिसणारा जीएफआर हा बायॉप्सीच्या वेळचा आहे. जनुकाची अभिव्यक्ती आणि त्या दिवशीचे मूत्रपिंडाचे कार्य यांचा सहसंबंध म्हणजे एका क्षणाचे छायाचित्र. मूत्रपिंडाचे कार्य पुढे घटत जाणार का, हा काळाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर छायाचित्रात नसते. ल्यूपसमध्ये हा फरक इतर आजारांपेक्षा अधिक बोचतो. मधुमेहात जीएफआर कमी असेल तर बहुधा जुने, साचत आलेले नुकसान त्यामागे असते. ल्यूपसच्या तीव्र उद्रेकात मात्र क्रिएटिनिन काही आठवड्यांत वर चढू शकते आणि योग्य उपचारांनी ते खालीही येऊ शकते. त्यामुळे कमी जीएफआर असलेल्या बिंदूंमध्ये दोन प्रकारचे रुग्ण मिसळलेले असतात: ज्यांच्या मूत्रपिंडात वण पडून गेले आहेत ते, आणि ज्यांच्या मूत्रपिंडात आज आग लागली आहे पण वण फारसे नाहीत ते. जीएफआरशी उलटे जुळणारे एखादे जनुक सापडले तर ते वणाचे निदर्शक आहे की दाहाचे, हे नेफ्रोसेकवरचा आलेख एकटा सांगू शकत नाही. त्यासाठी त्याच रुग्णाच्या अहवालातले ते दोन आकडे आणि पुढच्या काही वर्षांतील क्रिएटिनिनच्या नोंदी शेजारी ठेवाव्या लागतात.

संख्याशास्त्राची गोष्ट थोडक्यात सांगतो, पण ती महत्त्वाची आहे. या संचांत बारा हजारांच्या आसपास जनुके मोजलेली आहेत. पी-मूल्य म्हणजे प्रत्यक्षात संबंध नसताना केवळ योगायोगाने असा निकाल दिसण्याची शक्यता. त्याची मर्यादा ०.०५ ठेवली तर प्रत्यक्षात काहीच संबंध नसतानाही केवळ योगायोगाने सुमारे ६०० जनुके ‘महत्त्वाची’ ठरतील. संकेतस्थळावर मर्यादा बदलण्याची सोय आहे. ती कडक ठेवावी, आणि ३२ रुग्णांच्या संचात सापडलेली गोष्ट दुसऱ्या संचात पुन्हा दिसते का हे पाहिल्याशिवाय तिला नाव देऊ नये.

त्याच ओघात दोन सापळे दाखवून द्यावेसे वाटतात, कारण ते माहीत नसलेले विद्यार्थी त्यांत हमखास अडकतात. निरोगी म्हणून घेतलेल्या ऊती दात्यांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मिळालेल्या असतात, आणि शस्त्रक्रियेच्या ताणाने फॉस, जुन, ईजीआर-१ अशी तातडीची जनुके काही मिनिटांत उसळतात. तुलनेत ती ल्यूपसमध्ये ‘घटलेली’ दिसली तर तो ल्यूपसचा गुण समजू नये. उलट, बायॉप्सीच्या वेळी ल्यूपसचे बरेच रुग्ण स्टेरॉइडवर असतात, आणि स्टेरॉइड सुरू होताच एफकेबीपी-५ सारखी जनुके वर जातात. अशा जनुकाला आजाराचे निदर्शक म्हणून मिरवणे म्हणजे रुग्णाच्या औषधाच्या चिठ्ठीचा आरएनएमधून पुन्हा शोध लावणे होय.

मोजमापाची पद्धतही आता जुनी झाली आहे. ल्यूपसचे हे संच मायक्रोॲरेवर तयार झालेले आहेत, म्हणजे पट्टीवर ज्या जनुकांचे धागे आधीपासून लावलेले होते तेवढीच मोजली गेली. पेशीनिहाय चित्र हवे असेल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी औषध कंपन्यांबरोबर २०१४ साली सुरू केलेल्या भागीदारीतील ल्यूपस प्रकल्पाकडे वळावे लागते. त्याच्या पहिल्या टप्प्यातील, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २४ ल्यूपस रुग्णांच्या आणि १० निरोगी व्यक्तींच्या मूत्रपिंडातील रोगप्रतिकारक पेशी एकेक करून वाचल्या आणि त्यांचे २१ गट ओळखले. ती माहितीही संशोधकांसाठी खुली आहे. मी दोन्हींचा जोडीने वापर करतो: आधी नेफ्रोसेकवर जनुकाचे जीएफआरशी नाते पाहायचे आणि मग ते जनुक कोणत्या पेशींत आहे हे तिकडे पाहायचे. किडनी प्रिसिजन मेडिसिन प्रकल्पाचा नकाशा दिसायला अधिक देखणा आहे आणि वापरायला सोपाही, परंतु त्याचा रोख मधुमेह, उच्च रक्तदाब आणि मूत्रपिंडाची अचानक होणारी इजा यांवर आहे. ल्यूपसच्या प्रश्नासाठी त्यातून निरोगी पेशींचा संदर्भ मिळतो, एवढाच त्याचा उपयोग.

भारतातील वापरकर्त्याला आणखी एक गोष्ट खटकल्यावाचून राहणार नाही. नेफ्रोसेकवरील ल्यूपसच्या बायॉप्सी युरोप आणि अमेरिकेतील रुग्णांच्या आहेत. ल्यूपस वेगवेगळ्या वंशांच्या लोकांत वेगवेगळ्या तीव्रतेने मूत्रपिंडावर उतरतो, हे सर्वमान्य आहे. म्हणून मुंबई, पुणे, नागपूर किंवा पणजीच्या बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या तरुण मुलीच्या मूत्रपिंडाबद्दल हे आलेख जे सुचवतात, ते तपासून घ्यावे लागते, गृहीत धरता येत नाही. भारतात ल्यूपसच्या नव्या रुग्णांचा इन्स्पायर नावाचा बहुकेंद्री समूह उभा राहिला आहे, ही आशेची बाजू आहे, पण ऊतीतल्या जनुकांची आपली स्वतःची, सर्वांना खुली अशी नोंद असण्याची गरज त्याने संपत नाही.

हे साधन कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. नेफ्रॉलॉजी, संधिवातशास्त्र किंवा पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेणारे, जीवशास्त्राचे संशोधक आणि मूत्रपिंडाच्या आजारावर प्रयोगशाळेत काम करणारे यांनी ते जरूर वापरावे. रुग्ण आणि नातेवाईक यांनी मात्र यातून स्वतःच्या आजाराचे भाकीत काढण्याच्या फंदात पडू नये. येथे कोणाची चाचणी होत नाही, आणि आज ल्यूपस नेफ्रायटिसचे उपचार जनुकांच्या अभिव्यक्तीवरून नव्हे, तर बायॉप्सीचा वर्ग, लघवीतली प्रथिने, क्रिएटिनिन आणि रुग्णाची एकूण प्रकृती पाहून ठरतात. एखादी खासगी प्रयोगशाळा अशा जनुकयादीच्या आधारे ‘मूत्रपिंड किती टिकेल’ हे सांगणारे महागडे पॅकेज विकत असेल, तर पैसे भरण्यापूर्वी आपल्या नेफ्रॉलॉजिस्टना अवश्य विचारावे.

प्रबंध लिहिणाऱ्यांनी या संकेतस्थळावरून घेतलेल्या प्रत्येक आलेखाखाली संचाचे नाव, ऊतीचा भाग, नमुन्यांची संख्या आणि पी-मूल्याची मर्यादा लिहावी. ‘अमुक जनुकामुळे ल्यूपसमध्ये मूत्रपिंडाचे कार्य घटते’ हे वाक्य त्या आलेखावरून लिहिता येत नाही. ‘बायॉप्सीच्या वेळी ज्यांचा जीएफआर कमी होता, त्यांच्या नलिकाभागात अमुक जनुकाची अभिव्यक्ती अधिक होती’ एवढेच लिहिता येते. त्यापुढचा टप्पा आपल्याकडेही गाठता येण्यासारखा आहे. मोठ्या रुग्णालयांच्या पॅथॉलॉजी विभागांत ल्यूपसच्या जुन्या बायॉप्सींचे मेणाचे ठोकळे जपून ठेवलेले असतात, आणि मेणातल्या ऊतीतूनही निवडक जनुकांचा आरएनए मोजण्याच्या पद्धती आता उपलब्ध आहेत. ज्या रुग्णांचे ठोकळे आहेत, त्यांच्याच क्रिएटिनिनच्या पुढच्या अनेक वर्षांच्या नोंदी बाह्यरुग्ण विभागाच्या फायलींत असतात. रुग्णांची संमती आणि नैतिक समितीची परवानगी घेऊन या दोन्ही गोष्टी जोडल्या, नेफ्रोसेकवरून निवडलेली वीस-पंचवीस जनुके त्या ठोकळ्यांत मोजली आणि कोणाचा जीएफआर पुढे घटला याच्याशी ती ताडून पाहिली, तर जे उत्तर या संकेतस्थळावर मिळत नाही ते आपल्याच रुग्णांच्या ऊतीतून मिळू शकेल.